‘हा कोण?’ विचारण्याआधी आणि विचारल्यानंतर: किनाऱ्यावरचे जीव ऑनलाइन समूहांतून कसे शिकावेत

दर उधाणानंतर निसर्गाच्या समूहांत तेच घडतं. एक हललेला फोटो येतो, खाली ‘हा कोण?’ एवढंच लिहिलेलं असतं आणि पाच मिनिटांत तीन वेगवेगळी नावं पडतात. विचारणारा त्यातलं एक उचलतो, आभाराचा अंगठा टाकतो आणि महिन्याभरात विसरतो. पुढच्या अमावस्येला तोच खेकडा पुन्हा ‘हा कोण?’ म्हणून हजर होतो.

समूहांतली जाणती माणसं वेळ काढून, फुकट आणि मनापासून शिकवतात. पण आपण त्यांच्याकडून फक्त नाव मागतो. नाव कशावरून ठरलं हे कळलं, तरच पुढच्या वेळी तो जीव आपला आपल्याला ओळखता येतो. सगळी खटपट त्यासाठी करायची. श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंत ज्यांच्या घराजवळ कातळाचा किनारा आहे आणि हातात साधा स्मार्टफोन आहे, त्यांच्यासाठी हा क्रम लिहितो आहे. क्रम बदलू नका. बहुतेक चुका पायरी गाळल्यानंच होतात.

१. कुठे काय विचारायचं ते आधी ठरवा

व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामचे समूह पटकन उत्तर देतात. आपल्या तालुक्यातली माणसं तिथे भेटतात, ‘उद्या येता का कातळावर?’ असं ठरतं. पण चार दिवसांनी ते उत्तर गप्पांखाली गाडलं जातं. आयनॅचरलिस्ट आणि इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर प्रत्येक नोंदीला फोटो, तारीख, ठिकाण आणि खाली चर्चा असते; वर्षानंही ती तशीच सापडते. म्हणून नोंद अशा ठिकाणी करायची आणि तिचा दुवा गप्पांच्या समूहात टाकायचा. उलट केलं की ज्ञान वाहून जातं.

नव्या समूहात शिरल्यावर लगेच फोटो टाकू नका. वर डकवून ठेवलेले नियम वाचा. मग शोधाच्या चौकटीत ‘खेकडा’, ‘शंख’, ‘गोगलगाय’ असे शब्द टाकून जुन्या चर्चा वाचा. तिथे कोण नुसतं नाव फेकतं आणि कोण कारण सांगतं, हे दोनतीन आठवड्यांत दिसू लागतं. कारण सांगणाऱ्यांची नावं ध्यानात ठेवा.

*तपासा:* आयनॅचरलिस्टवर ठिकाणाच्या जागी आपला जिल्हा टाकून खेकड्यांच्या नोंदी चाळल्यात का? तुमचा पहिला प्रश्न बहुधा तिथेच सुटलेला असतो.

२. ओहोटीची वेळ काढा

शहरातून येणारे इथेच चुकतात. रविवार मोकळा म्हणून रविवारी येतात आणि कातळ पाण्याखाली असतो.

आपल्याकडचा जुना हिशेब अजून कामाचा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे सव्वाअकराच्या सुमाराला भरती. त्यात सहा तासांहून थोडं जास्त मिळवलं की ओहोटी, म्हणजे साडेपाचच्या आसपास, पहाटे आणि संध्याकाळी. पुढे दर दिवशी ही वेळ साधारण पाऊण तासानं सरकते.

आता दोन गोष्टी जुळवायच्या. कातळ सगळ्यांत जास्त उघडा पडतो तो अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात आणि त्यानंतरच्या एकदोन दिवसांत. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती-ओहोटी असते, तेव्हा ओहोटी भर दुपारी येते खरी, पण पाणी फारसं मागे हटतच नाही. म्हणून प्रतिपदा ते तृतीया धरा. द्वितीयेचा हिशेब केला तर भरती दीडला आणि ओहोटी पावणेआठच्या सुमारास, सकाळी. उजेड चांगला, ऊन कमी, कातळ उघडा. शिकायला जाणाऱ्यासाठी याहून चांगली वेळ नाही.

हा हिशेब ढोबळ आहे. निघण्याआधी आपल्या जवळच्या बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक पाहाच. त्यात वेळेशेजारी पाण्याची उंची मीटरमध्ये दिलेली असते. ओहोटीचा आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका कातळ जास्त उघडा. पूर्ण ओहोटीच्या तास-दीड तास आधी पोहोचा, हटत्या पाण्याच्या मागे मागे जा आणि पाणी फिरलं की परता.

*सावधान:* एकट्यानं जाऊ नका. समुद्राकडे पाठ करून फोटो काढत बसू नका. हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट भरतीत पाण्याखाली जाते हे ठाऊक असूनही माणसं तिथे अडकतात. अनोळखी कातळावर परतीची वाट आधी बघून ठेवा. पावसाळ्याचे चार महिने कातळ विसरा. तेव्हा जुन्या नोंदी वाचायच्या.

३. कातळावर: आधी पाहा, मग फोटो

सोबत काय घ्यायचं? तळव्याला पकड असलेले बंद बूट (कालवांच्या कडा पायाला पात्यासारख्या कापतात), प्लास्टिकची सहा इंची पट्टी, छोटी वही आणि पेन्सिल, पाणी आत न शिरणारी फोनची पिशवी, छत्री. छत्री उन्हासाठी तर हवीच, पण डबक्यावर तिची सावली धरली की पाण्यावरची चकाकी जाते आणि तळ स्वच्छ दिसतो.

घरून निघताना फोनच्या कॅमेऱ्यात ठिकाणाची सेटिंग चालू आहे आणि घड्याळ बरोबर आहे, एवढं बघा. किनाऱ्यावर रेंज नसली तरी बिघडत नाही. जीपीएसला मोबाइलचं नेट लागत नाही. नोंद घरी येऊन चढवता येते.

डबक्याशी पोहोचल्यावर फोन खिशात ठेवा. दोन मिनिटं हलू नका. आपली सावली पडली की सगळं लपतं, आपण स्थिर झालो की एकेक बाहेर येतं. जो शंख संथ सरकतो त्यात बहुधा गोगलगाय असते आणि जो शंख धडपडत, अडखळत पळतो त्यात खेकडा. हे फोटोत कधीच दिसत नाही आणि ओळखणारा नेमकं हेच विचारतो. म्हणून आधी वहीत दोन ओळी: कुठे होता, काय करत होता, काय खात होता, शेजारी काय होतं.

मग फोटो. एका जीवाचे कमीत कमी चार:

- आजूबाजूच्या कातळासह, दुरून. डबकं आहे, कपार आहे, वाळू आहे की खारफुटीचा चिखल, हे त्यातून कळतं.
- वरून, पूर्ण शरीर येईल असा.
- बाजूनं किंवा समोरून.
- पट्टी शेजारी ठेवून. पट्टी विसरलात तर दहा रुपयांचं नाणं ठेवा, त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. बोट ठेवू नका. बोटं सारखी नसतात.

फार जवळ जाऊन अंधुक फोटो काढण्यापेक्षा हातभर दूर राहून स्वच्छ काढा आणि घरी कापा. पडद्यावर जीवावर बोट टेकवून फोकस धरा, नाहीतर फोन पाण्याच्या पृष्ठभागावर फोकस धरतो आणि जीव धूसर राहतो.

कोणत्या जीवाचं काय टिपायचं, हे वेगवेगळं असतं. खेकड्याची पाठ, पाठीच्या पुढच्या कडेवरचे दाते, डोळ्यांमधलं अंतर आणि नांग्यांची टोकं. पोटाकडून फोटो मिळाला तर नर-मादी कळते: नराच्या पोटावरचा पट्टा अरुंद आणि टोकाकडे निमुळता, मादीचा रुंद आणि गोलसर. शंखाची पाठ आणि तोंड दोन्ही लागतात. नुसत्या पाठीवरून नाव सांगणं जाणकारालाही जड जातं. तोंडाशी झाकण दिसलं तर त्याचा वेगळा फोटो काढा. आत गोगलगाय असेल तर ती आत ओढली गेल्यावर हे झाकण लागतं. खेकडा असेल तर तिथे नांगी आडवी आलेली दिसते. शिंपल्या नसलेल्या रंगीत समुद्री गोगलगायींचा फोटो पाण्यातच काढायचा. डोक्यावरची दोन शिंगं आणि पाठीवरचा कल्ल्यांचा तुरा यांच्यावरून त्या ओळखतात, आणि पाण्याबाहेर काढलं की सगळं मिटून नुसता गोळा उरतो. समुद्रफुलांचंही (सी अ‍ॅनिमोन) तसंच: उघडलेलं असताना काढा, बोट लावून मिटवू नका.

दगड उलटलात तर हळू उलटा, फोटो काढा आणि होता तसाच परत ठेवा, खालची बाजू खाली. खालच्या बाजूचे जीव ओल्या अंधारात जगणारे असतात; उन्हात उघडा राहिलेला दगड म्हणजे त्यांचं मरण. समूहात चांगला फोटो टाकण्यासाठी मागे उलटे दगड सोडून येणारी माणसं दिसतात. कितीही सुंदर फोटो असला तरी हे चालणार नाही.

*सावधान:* शंकूच्या आकाराचा जिवंत शंख हातात घेऊ नका, त्यातले काही जीव विषारी दंश करतात. पावसाळ्यात किनाऱ्यावर येणारे निळे, फुगीर, लांब दोऱ्यांचे जीव मेलेले दिसले तरी डसतात. दंश झाला तर समूहात फोटो टाकून वाट बघू नका, सरळ दवाखाना गाठा.

*सावधान:* समुद्रकाकडी, समुद्रघोडे आणि कठीण प्रवाळ यांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. उचलायचं नाही, आणि मेलेलं प्रवाळसुद्धा आठवण म्हणून घरी आणायचं नाही. मालवणचा समुद्र तर १९८७ पासून अभयारण्य आहे. तिथे नियम आधी विचारून घ्या.

कातळावर कालवं काढणाऱ्या बायका भेटल्या तर थांबून बोला. ‘मावशी, हे कुठच्या कपारीत जास्त मिळतं?’ एवढं विचारलं तरी पुष्कळ कळतं. गावातलं नाव त्यांच्याकडून घेऊन वहीत जसंच्या तसं लिहा.

४. घरी: निवड आणि स्वतःचा अंदाज

फोटो आणल्या आणल्या चढवू नका. आधी एका जीवाचे फोटो एकत्र करा. एका नोंदीत एकच जीव. सगळ्यांत जास्त होणारी चूक हीच: एका नोंदीत तीन शंख, दोन खेकडे आणि सूर्यास्त. ओळखणाऱ्यानं कशाचं नाव सांगायचं? शंखात राहणारा खेकडा असेल तर तोच फोटो दोन नोंदींत टाकता येतो, एक खेकड्यासाठी आणि एक ज्या गोगलगायीचा तो शंख होता तिच्यासाठी. दुसरीत टिपेत लिहा, ‘शंखासाठी नोंद’.

नोंद स्वतः पाहिलेल्याचीच करा. दुसऱ्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो आपल्या नावावर चढवला की तारीख चुकते, ठिकाण चुकतं आणि प्रश्न विचारला तर उत्तर देता येत नाही.

आता अंदाज. आयनॅचरलिस्टचं अ‍ॅप फोटो बघून नावं सुचवतं. त्याच्या आधी वहीत तुमचा अंदाज लिहा, ‘चौकोनी पाठीचा खेकडा’ इतका कच्चा असला तरी चालेल. मग सुचवणी बघा. ती यंत्राची आहे आणि आपल्या किनाऱ्यावरचे फोटो जिथे थोडे आहेत तिथे ती दूरच्या समुद्रातल्या दिसायला सारख्या जीवाकडे झुकते. त्या नावाशेजारी हा जीव जवळपास अपेक्षित असल्याचं लिहिलंय का बघा. खात्री नसेल तर नुसतं ‘खेकडे’ किंवा कुळाचं नाव निवडा. वरच्या पातळीचं बरोबर नाव हे खालच्या पातळीच्या चुकीच्या नावापेक्षा कितीतरी उपयोगी, कारण खेकडे ओळखणारी माणसं खेकड्यांच्याच यादीत शोधत असतात.

*तपासा:* नकाशावरची खूण समुद्रात किंवा तालुक्याच्या बाजारपेठेत पडलेली नाही ना?

५. प्रश्न असा लिहा

‘प्लीज आयडी’ हा प्रश्न होत नाही. त्यातून फक्त नाव मिळेल. प्रश्नात चार गोष्टी हव्यात: काय पाहिलं, कुठे आणि केव्हा, माझा अंदाज काय, आणि मी नेमका कुठे अडलो. उदाहरणार्थ:

‘रत्नागिरी तालुका, कातळाचा किनारा, सकाळी साडेसात, ओहोटी. लाटेच्या तुषारात ओल्या राहणाऱ्या उभ्या कातळावर, जवळ गेलं की कपारीत पळत होता. पाठ सुमारे चार सेंटिमीटर, चपटी, चौकोनी-गोलसर. नांग्यांची टोकं चमच्यासारखी खोलगट. त्यावरून ग्रॅप्सस वंशातला वाटतो. जातीपर्यंत जायला अजून काय बघायला हवं?’

शेवटचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं. त्यावर जाणकार हातचं न राखता लिहितात, कारण समोरच्यानं आधी डोळे वापरलेत हे त्यांना दिसतं. मराठीत लिहायला संकोचू नका. शास्त्रीय नाव तेवढं जसं आहे तसं द्या, बाकी टीप आपल्या भाषेत चालते.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की तो दाबला जातो आणि बारकावे जातात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलात तर मूळ फाइल जाते. मात्र तिच्याबरोबर ठिकाणही जातं. त्याबद्दल सातव्या पायरीत.

एकाच वेळी पाच समूहांत तोच प्रश्न टाकू नका. पाच ठिकाणी पाच माणसं तेच काम करतात आणि एकमेकांचं वाचत नाहीत. एका जागी विचारा, काही दिवस थांबा. उत्तर आलं नाही तर जीवांच्या त्या गटाच्या नोंदी ओळखणाऱ्या एखाद्याला नम्रपणे हाक मारा, एकदाच.

६. उत्तर आल्यावर खरा अभ्यास सुरू होतो

नाव आलं. आता पहिला प्रतिसाद ‘धन्यवाद’ नको. ‘धन्यवाद सर, कशावरून ओळखलंत?’ हवा. समोरचा मोठा असेल, ताई असतील, निवृत्त प्राध्यापक असतील, तरी हा प्रश्न कुणाला खटकत नाही. उलट बहुतेकांना तोच हवा असतो.

उत्तरात जे लक्षण सांगितलं असेल ते आपल्या फोटोत शोधा. मग त्या जातीचं पान उघडा, तिच्यासारख्या दिसणाऱ्या जाती बघा आणि निदान तीन लक्षणं ताडून बघा. ती कोकणच्या किनाऱ्यावर नोंदलेली आहे का, तेही. हे झालं की मगच सहमतीचं बटण.

इथली चूक फार पसरलेली आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. आयनॅचरलिस्टवर ‘अ‍ॅग्री’ हे बटण आभार मानण्यासाठी नाही. ते दाबणं म्हणजे ‘मी स्वतंत्रपणे पाहिलं आणि माझंही हेच मत आहे’ असं सांगणं. ओळख सांगणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून जास्त जणांचं जातीवर एकमत झालं की नोंद ‘रिसर्च ग्रेड’ होते, आणि त्यासाठी दोन माणसं पुरतात. म्हणजे एका माणसानं घाईत चुकीचं नाव लिहिलं आणि तुम्ही आदरापोटी सहमती दिली, तर ती चूक पक्क्या नोंदीत जाऊन बसते, आणि पुढे कुणी किनाऱ्याचा अभ्यास करताना ती खरी धरतं. आभार टिपेत माना. पटलं नाही किंवा कळलं नाही तर बटण तसंच सोडा. आधीच दाबून बसला असाल तर आपली ओळख मागे घेता येते.

मतभेद झाले तर लक्षणावर बोला. ‘दादा, मला नांग्यांची टोकं टोकदार दिसली म्हणून शंका आली, तिसरा फोटो बघाल का?’ असं लिहिलं की चर्चा पुढे सरकते. ‘इथे आम्ही लहानपणापासून बघतोय’ असं म्हटलं की ती तिथेच मिटते. लहानपणापासूनचं बघणं मोलाचं आहेच, पण ते नोंदीत उतरवा: कोणत्या महिन्यात दिसतो, कोणत्या वाऱ्यात येतो, जाळ्यात सापडतो की गरीला.

काही जीव फोटोवरून जातीपर्यंत ओळखताच येत नाहीत. बरेचसे स्पंज आणि खेकड्यांची पिल्लं यांच्या बाबतीत वंशावर किंवा कुळावर थांबलेलं उत्तर हे पूर्ण उत्तर आहे. जाणकारानं ‘एवढंच सांगता येईल’ म्हटलं की मागे लागू नका.

*सावधान:* ‘खाता येतो का?’ हे समूहाला विचारून काहीही शिजवू नका. फोटोवरची ओळख ताटासाठी नसते. केंड मासा विषारी असतो हे किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक आहे, पण शिंपल्यांत आणि शंखांत सारखं दिसणारं बरंच काही आहे.

७. जागा दाखवायची की झाकायची

दुर्मीळ शंख, समुद्रघोडा किंवा रंगीत गोगलगायींचं डबकं सापडलं तर नेमकी जागा उघड करू नका. गोळा करणारेही समूहांत असतात. आयनॅचरलिस्टवर जागा ‘ऑब्स्क्युअर्ड’ करता येते. मग नकाशावर नेमक्या ठिकाणाऐवजी कित्येक किलोमीटरचा चौकोन दिसतो. गप्पांच्या समूहात नुसता तालुका सांगा, आणि मूळ फाइल पाठवायच्या आधी फोनच्या फोटोच्या माहितीतून ठिकाण काढून टाका. कालवांच्या किंवा शिनाण्यांच्या (खाण्याच्या शिंपल्यांचा एक प्रकार) जागा तर कुणाच्या तरी चुलीशी जोडलेल्या असतात. ज्यांच्याकडून कळल्या त्यांना विचारल्याशिवाय त्या कुठेच टाकू नका.

८. वही, आणि दुसऱ्यांचे फोटो

दर जीवाला वहीचं एक पान. वर नाव, खाली ‘कशावरून’ या शीर्षकाखाली दोन-तीन लक्षणं, सारख्या दिसणाऱ्या जातीशी फरक, नोंदीचा दुवा. महिन्याभरानं पान झाकून फोटो बघा. नाव आठवलं आणि लक्षण आठवलं नाही, तर ते पान अजून कच्चं आहे.

यानंतर ओळखायला बसा. आयनॅचरलिस्टच्या ‘आयडेंटिफाय’ भागात आपला जिल्हा टाकला की कुणीच न हात लावलेल्या नोंदी समोर येतात, कित्येकांवर नुसतं ‘अज्ञात’. त्यांना खेकडा, गोगलगाय, समुद्रफूल, शेवाळ असं ढोबळ वर्गात टाकायला सुरुवात करा. एवढ्यानं ती नोंद योग्य जाणकाराच्या यादीत जाते. मग त्याचं उत्तर आलं की तुम्हाला सूचना येते आणि तुम्ही ‘कशावरून?’ वाचता. दुसऱ्याच्या फोटोत लक्षण शोधताना डोळा जितका तयार होतो तितका स्वतःच्या फोटोत होत नाही, कारण स्वतःचा जीव आपण पाहिलेला असतो आणि फोटोतल्या उणिवा मनानं भरून काढतो.

सुरुवातीला एकच गट धरा. खेकडे घ्या, नाहीतर शंख. सगळं एकदम शिकायला गेलेली माणसं पहिल्या पावसाळ्यातच गळतात. एक गट धरलेला माणूस मात्र वर्षा-दोन वर्षांत आपल्या तालुक्याच्या समूहात असा ओळखला जातो, की खेकड्याचा प्रश्न आला की लोक त्याचं नाव घेतात. ती वेळ आली की उत्तर देताना नावाआधी लक्षण लिहा. आणि नवख्याचा फोटो वाईट असला तर रागावू नका. कोणते चार फोटो हवेत आणि पुढची चांगली ओहोटी कधी आहे, ते त्याला सांगा.